ला लिनेआचं लाल पातेलं

एर्नेस्तिना बाल्येत्तोशी साध्या आवाजात बोलणं कुणालाच जमलं नाही. तिच्या नवऱ्यालाही नाही. ती आमच्या चौकात समोरच्या दारात राहायची. मधे एक नळ, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आणि तिचा आवाज. सकाळी तो आवाज खिडकीतून आत यायचा आणि आमच्या कॉफीत पडायचा. ती रागावलेलीच असायची असं नाही. पण जग दोनदा सांगितल्याशिवाय ऐकत नाही अशी तिची खात्री झाली होती, म्हणून ती पहिल्यांदाच दुसऱ्यांदा सांगितल्यासारखं बोलायची.

गोदीच्या कॅन्टीनमध्ये ती चुलीशी असायची आणि मी वाढपाच्या खिडकीशी. कॅन्टीनचा प्रमुख मिस्टर पिकरिंग लँकशायरचा इंग्रज होता. माणूस वाईट नव्हता. पण त्याच्याजवळ रश्श्यासाठी दोनच शब्द होते. पातळ असलं की सूप, घट्ट असलं की स्ट्यू. रोज सकाळी तो खडू घेऊन फळ्यासमोर उभा राहायचा, आणि रोज सकाळी एर्नेस्तिनाचं डोकं फिरायचं.

"आज काय, मिसेस बी?"

"पोताहे."

तो फळ्यावर लिहायचा, स्ट्यू.

"काल काय लिहिलं होतं तुम्ही?"

"काल? स्ट्यू."

"काल पुचेरो होता! काल हाड होतं, मांस होतं. आधी वरचं पाणी प्यायचं, मग खालचं खायचं. आज मांस आहे का? चणे आहेत, पालक आहे, खारवलेला कॉड आहे. आज शुक्रवार आहे, मिस्टर पिकरिंग, मांस वर्ज्य. आज यात हाड पडलं असतं तर तुमच्या त्या स्ट्यूपायी अख्खी गोदी नरकात गेली असती."

"यात चमचा उभा राहतो?"

"राहतो."

"मग स्ट्यू."

आणि तो निघून जायचा. फळ्यावरचा तो एकच शब्द आठवडाभर बदलायचा नाही. एर्नेस्तिना ओल्या फडक्यानं तो पुसायची, पिकरिंग पुन्हा लिहायचा. शेवटी फळ्याच्या त्या जागी कायमचा पांढरट डाग पडला. खडू नसला तरी तिथं स्ट्यूच वाचायला यायचं.

एकदा तो भट्टीजवळून जात होता. मोठ्या भांड्यातलं पाणी खाली गेलेलं त्याला दिसलं. मदत करावी म्हणून त्यानं नळाचं एक जग भरून पाणी त्यात ओतलं. एर्नेस्तिनाची किंकाळी बाहेर धक्क्याला लागलेल्या जहाजावर ऐकू गेली असेल.

"चण्यात! उकळत्या चण्यात थंड पाणी!"

"पाणी कमी झालं होतं."

"मग उकळतं घालायचं! घेवड्याला घाला थंड, घेवडा दचकला की बरा शिजतो. पण चण्याला दचकवायचं नसतं. चणा दचकला की आतून कडी लावून घेतो. आता उकळा संध्याकाळपर्यंत. नाही उघडायचा."

पिकरिंग उघड्या तोंडानं ऐकत राहिला. त्या दिवशी गोदीतल्या माणसांनी चणे ताटाच्या कडेला लावून ठेवले. ताटाताटांतून गोट्यांच्या माळा तयार झाल्या. दुपारी तो तिच्याजवळ आला आणि म्हणाला, माझी आई हॉटपॉट करायची, मेंढीचं मांस आणि वर बटाट्याच्या चकत्या, आणि त्याला कुणी स्ट्यू म्हटलं तर ती पळी मारायची. एर्नेस्तिना त्याच्याकडे बघत राहिली. "म्हणजे तुमच्याकडेही शब्द आहेत," ती म्हणाली. "मग इथं येताना घरी ठेवून का आलात?"

ती मूळची ला लिनेआची. आमचं गाव म्हणजे स्पेनच्या टोकाला इंग्रजांच्या ताब्यातला एक खडक. त्याच्या पायथ्याशी जमीन सपाट होते, तिथं इंग्रजांचं फाटक, मग थोडी ओसाड जागा, मग स्पेनचं फाटक, आणि लगेच ला लिनेआ. तिची आई आंतोनिया तिथं राहायची, थोरली बहीण चारोही तिथंच, आईजवळ. चारोचा नवरा फ्रास्को आमच्या गोदीत वेल्डिंग करायचा. रोज सकाळी हजारो माणसं तिकडून कामाला यायची, त्यांत फ्रास्को असायचा, आणि दर शुक्रवारी त्याच्या हातात लाल इनॅमलचं पातेलं असायचं. झाकण फडक्यानं बांधलेलं. आत आईचा पोताहे.

हे पातेलं संध्याकाळी परत जायचं, पण रिकामं नाही. भरून आलेलं भांडं रिकामं परत पाठवलं तर घरात मेलेलं कुणीतरी आहे असा त्याचा अर्थ व्हायचा, निदान आंतोनियाच्या घरात तरी. म्हणून एर्नेस्तिना त्यात चहा भरायची, लोणी, डब्यातलं मांस, कधी संत्र्याचा मुरंबा. वर फडकं, फडक्यावर फ्रास्कोचं जाकीट. फाटकावरचा शिपाई दर शुक्रवारी विचारायचा, "आत काय?" फ्रास्को सांगायचा, "ओया." आमच्या बोलीत पातेल्यालाही तेच म्हणतात आणि पातेल्यातल्यालाही. शिपायाला पुढं विचारायचा कंटाळा असायचा.

एकोणसत्तरच्या जूनमधल्या त्या शुक्रवारी एर्नेस्तिनानं पातेलं परत दिलं नाही. पुढच्या शुक्रवारी संत आंतोनियोचा दिवस होता, म्हणजे आईच्या नावाच्या संताचा सण. त्या दिवशी पातेलं नेहमीसारखं भरायचं नव्हतं, काठोकाठ भरायचं होतं. ती आठवडाभर वस्तू जमवणार होती. "आईला सांग, पुढच्या खेपेला," तिनं फ्रास्कोला सांगितलं. "आणि म्हणावं, उचलायला दोन माणसं लागतील."

रविवारी, खडक कुणाचा या जुन्या भांडणापायी, माद्रिदहून हुकूम आला आणि स्पेनचं फाटक बंद झालं.

सोमवारी सकाळी गोदी अर्धी रिकामी होती. वेल्डिंगच्या शेडमध्ये जाकिटं खुंट्यांना तशीच लटकत होती. पुढं खाडीपलीकडच्या अल्हेसिरासची बोटही थांबली, मग टेलिफोनच्या ताराही तोडल्या. एर्नेस्तिनाच्या शेगडीवरच्या फळीवर लाल पातेलं तसंच राहिलं. त्यात चहाचा एक पुडा आणि मुरंब्याच्या दोन बाटल्या होत्या. डब्यातलं मांस पोलोनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, दुसऱ्या वर्षी कधीतरी खाल्लं. त्यावरून ती त्याच्याशी महिनाभर बोलली नाही. अर्थात तिचं न बोलणंही चौकातल्या सगळ्यांना ऐकू यायचं.

तेरा वर्षं ती दर रविवारी फाटकाशी जायची. सगळेच जायचे. दोन फाटकांच्या मधे ती ओसाड जागा, आणि दोन्ही बाजूंना माणसांची रांग, जाळीला बोटं अडकवून. तिकडून कुणी बाळ उंच धरायचं, इकडून कुणी लग्नातला केक. आणि सगळे एकाच वेळी ओरडायचे. पूर्वेचा वारा असला की वाक्यांची शेपटं तुटून समुद्रात जायची. मोठं वाक्य पलीकडे पोचायचंच नाही. पोचायचे ते सुटे शब्द. माणसं तेवढ्या शब्दांवर भागवायला शिकली. एकमेकांच्या आयुष्यातली फक्त नामं उरली.

"तिना! आज काय केलंस?" चारो तिकडून.

"स्ट्यू!" कारण आदल्या दिवशीचं कॅन्टीनमधलं उरलेलं घरी यायचं आणि त्याला आता तीही, नाइलाजानं, तेच म्हणायला लागली होती.

"काय?"

"स्ट्यू!"

"शी! तुम्ही तिकडे इंग्रज झालात सगळे! आमच्याकडे पुचेरो! पुदिना घालून!"

"मला नको सांगूस पुदिना! माझ्याकडे कुंडीत आहे!"

"आणि पातेलं कुठाय?"

दर रविवारी शेवटी हेच. पातेलं कुठाय. जाळीवरचे सगळे हसायचे. हळूहळू सगळ्या खडकाला ठाऊक झालं की बाल्येत्तोबाईनं आईचं पातेलं दाबून ठेवलंय. मासळीबाजारात कुणी गमतीनं विचारायचं, "काय, दिलंत का पातेलं?" ती मासा तसाच टाकून चालू लागायची.

"तू जाऊन का देत नाहीस?" मी एकदा विचारलं. "टँजिअरच्या बोटीनं जा. तिथून दुसरी बोट पकड. लोक जातात की."

"समोर दिसतंय माझ्या आईचं घर," ती म्हणाली. "खिडकीत वाळत घातलेली चादर दिसतेय. आणि मी आफ्रिकेतून जाऊ? पोलो बोटीत उलट्या करणार, पातेल्यातलं सांडणार, आणि तिथं जाऊन मी काय सांगू? मी दारातून बाहेर पडले. दारातूनच परत जाईन."

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात एका रविवारी चारो काळ्या कपड्यांत आली. ओरडायची गरज पडली नाही. दोन्ही बाजूंची माणसं गप्प झाली, तेवढ्यापुरती. एर्नेस्तिनानं जाळी धरली आणि फक्त एकच विचारलं, "कधी?" वारा होता. तिकडून उत्तर आलं ते तिला ऐकू गेलं नाही, तिनं पुन्हा विचारलंही नाही. पुरून झालं होतं हे काळ्या कपड्यांवरून कळतच होतं.

त्यानंतर तिच्या मनात जे घुसलं ते काढायला कुणाला जमलं नाही. एकदा चौकात शेंगा सोलत बसली असताना ती मला म्हणाली, "ती मेली तेव्हा तिला काय वाटत असेल? धाकटीनं पातेलं ठेवून घेतलं. भरून देते म्हणाली आणि दिलं नाही."

"चारोला विचार ना."

"ओरडून? अख्ख्या दोन देशांसमोर? आई मरताना पातेल्याबद्दल काय म्हणाली, हे जाळीला तोंड लावून विचारू? तुला अक्कल आहे का?"

नव्हती. मी शेंगा सोलत राहिलो.

नंतरच्या रविवारी चारोनं पुन्हा विचारलं, पातेलं कुठाय. एर्नेस्तिना घरी आली आणि तिनं फळीवरून पातेलं काढलं, घासलं, पुन्हा वर ठेवलं. पुढं दर रविवारी ती ते घासायची. आत कधी काही शिजवलं नाही. बाहेरचा लाल रंग कडेनं उडून खाली काळं लोखंड दिसायला लागलं होतं. भरून परत द्यायचं, दारातून द्यायचं, चारोच्या हातात द्यायचं. मग जे काही विचारायचं ते विचारायचं. याशिवाय तिला आयुष्याकडून काही नको होतं, आणि म्हणूनच बहुधा बाकी प्रत्येक गोष्टीचा तिला वैताग यायचा.

ब्याऐंशीच्या डिसेंबरात फाटक उघडणार असं जाहीर झालं. फक्त पायी जायचं, माल न्यायचा नाही, आणायचा नाही. आदल्या रात्रीच लोक तिकडे पळाले. गाणी, रडणं, शॅम्पेन, सगळं झालं म्हणे. एर्नेस्तिना गेली नाही. तिनं चणे भिजत घातले होते.

"तेरा वर्षं फाटकाशी उभी राहिलीस," पोलो म्हणाला, "आणि आज उघडलंय तर घरी बसतेस?"

"रिकाम्या हातानं जाऊ? झोप जा."

सकाळी तिनं लाल पातेल्यातच पोताहे चढवला. कॉड भिजवून खारटपणा काढलेला, पालक निवडलेला, लसूण आणि पाव तळून कुटलेला. लाल तिखट तेलात पडलं तसा वास चौकभर पसरला आणि वरच्या मजल्यावरच्या कुणा म्हाताऱ्यानं खिडकी उघडी ठेवली. मग ती केस करायला आत गेली. "पोलो, लक्ष दे," ती आतून ओरडली. "तळाला लागू देऊ नकोस."

थोड्या वेळानं पोलो जग घेऊन चौकातल्या नळावर आला. मी माझ्या दारात बूट घालत होतो.

"तयार?" मी विचारलं.

"जवळजवळ," तो म्हणाला. आणि जग भरून आत गेला. माझ्या डोक्यात काही आलं नाही. त्याच्या तर नाहीच आलं. बायकोला आयुष्यभर चण्यांवरून ओरडताना ऐकलं की एका वेळेनंतर माणूस फक्त ओरडणं ऐकतो.

पातेलं जड होतं. एक कान पोलोच्या हातात, दुसरा माझ्या. माझीही ला लिनेआत आत्या होती, मलाही जायचंच होतं. एर्नेस्तिना पुढं, निळा कोट, डोक्याला रुमाल, पळी पर्समधून बाहेर डोकावणारी. इंग्रजांच्या फाटकावरचा बॉबी, म्हणजे पोलीस, फडक्याचा वास घेऊन म्हणाला, "स्ट्यू, मॅडम?" तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं सलाम ठोकला.

मग ती ओसाड जागा. तेरा वर्षं आम्ही जिच्याकडे बघत आलो ती. गवत होतं, बाटल्या होत्या, एक मुलाचा बूट होता. चालायला काहीच वेळ लागला नाही, हेच सगळ्यांत चीड आणणारं होतं.

स्पेनच्या फाटकाशी रांग. आणि फाटकापलीकडे, हात लांब केला तर पोचेल इतक्या अंतरावर, चारो. जाड झालेली, अजून काळ्यातच.

"तिना!" ती किंचाळली.

"चारो!" ही किंचाळली. दोघींमध्ये फार तर एक शिपाई उभा होता. तो कानावर हात ठेवून मागं सरकला.

"आणलंस का पातेलं?"

"दिसत नाही का तुला? आंधळी झालीस?"

शिपाई तरुण होता, उत्तरेकडचा, बारीक मिशी. रात्रभर उभा असावा. डोळे लाल. त्यानं फडक्याकडे बोट केलं.

"सेन्योरा, हे काय?"

"ओया."

"आत काय?"

"ओयाच."

"भरलेली?"

"मग काय रिकामी घेऊन जाऊ?"

"माल न्यायचा नाही, सेन्योरा. पायी माणूस, बस. तसा हुकूम आहे."

"माल? हा माल? हे माझ्या आईचं पातेलं आहे! तुमच्याच बाजूचं! इथून आलेलं!"

"पातेलं जाऊ दे हवं तर. परत येतंय म्हणता ना. पण आतलं ओतून टाका."

एर्नेस्तिना त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं पोलोला आणि मला पातेलं खाली ठेवायला सांगितलं. स्पेनच्या फाटकाशी, बरोबर सरहद्दीच्या रेषेवर. आणि ती त्याच्यासमोर हात कमरेवर ठेवून उभी राहिली.

"रिकामं पातेलं आईच्या घरी नेणार नाही. हलणार नाही मी."

"ओतून टाक गं, खेचरे!" चारो पलीकडून. "मागची माणसं थांबलीत!"

"तू गप्प बस! तू तर बोलूच नकोस! तेरा वर्षं मागत होतीस ना?"

"पातेलं मागत होते! पोताहे नाही मागितला!"

मागची रांग कुरकुरायला लागली. कुणीतरी म्हणालं, "द्या हो सोडून, म्हातारी आहे." एर्नेस्तिना गर्रकन वळली. "म्हातारी कोण?" ते कुणीतरी पुढच्याच्या पाठीमागं दडलं.

शिपायानं कपाळ चोळलं. त्याच्या नाकात वास गेला असावा. "आमच्याकडे याला पोते म्हणतात," तो जरा हळू म्हणाला. "पण त्यात पांढरा घेवडा. माझी आजी मधेमधे थंड पाणी घालते, दचकवायला."

"घेवड्याला घाला हवं तेवढं," एर्नेस्तिना म्हणाली, आणि फाटकावर पहिल्यांदाच तिचा आवाज जरा खाली आला. "चण्याला नाही. आजी शहाणी आहे, तिला ठाऊक असेल. काही खाल्लंयस का सकाळपासून?"

"नाही."

तिनं पळी काढली, झाकण उघडलं. वाफ आली. रांगेतल्या माणसांनी माना पुढं काढल्या. शिपायानं इकडेतिकडे पाहिलं, पळी घेतली, फुंकर मारली, तोंडात घातली. चावला. थांबला. पुन्हा चावला. त्याच्या जबड्यातून आलेला आवाज मला ऐकू आला.

"सेन्योरा," तो म्हणाला, "चव सुंदर आहे. पण चणे..."

"चण्यांना काय झालं?"

"कडक आहेत."

तिनं त्याच्या हातातली पळी ओढून घेतली. स्वतः एक चणा चावला. मग दुसरा. मग ती सावकाश पोलोकडे वळली.

पोलोनं टोपी काढली. "पाणी कमी झालं होतं," तो म्हणाला. "तूच म्हणालीस, तळाला लागू देऊ नकोस."

मी पुढं काय झालं ते सगळं सांगत नाही. त्यातलं बरंचसं छापता येणार नाही. पोलोची आई, पोलोची आजी, जिनोआहून बोटीनं आलेला पोलोचा पहिला पूर्वज, सगळे त्या ओसाड जागेत उभे राहून गेले. शेवटी ती थकली आणि पातेल्यावर झाकण ठेवून म्हणाली, "चला. परत. हे मी देणार नाही. असं नाही देणार. दगड घेऊन आईच्या घरी जाऊ?"

आणि ती खरंच वळली. तेरा वर्षं थांबून, रेषेवर उभी राहून, ती बाई घरी निघाली होती.

"थांबा, सेन्योरा," शिपाई म्हणाला. त्यानं अजून तोंडातला चणा गिळला नव्हता. "माल कशाला म्हणायचं? जे कुणी विकत घेईल त्याला. हे कोण विकत घेणार? हा माल नाही. न्या आत."

रांग हसली. चारो सगळ्यांत मोठ्यानं हसली. एर्नेस्तिनाचा चेहरा लाल झाला. मला वाटलं ती आता त्या पोराला पळीनं मारणार. पण मागून माणसं ढकलत होती, आणि पोलोनं एक कान उचलला होता, मग मी दुसरा उचलला, आणि आम्ही तिला तिच्याच पातेल्याच्या पुढं घालून आत नेलं.

चारोचं स्वयंपाकघर लहान होतं. टेबल भिंतीला लावलेलं. दोघी समोरासमोर बसल्या, मधे पातेलं, आणि दोघी ओरडत होत्या. रागानं नाही. त्यांना दुसरं येतच नव्हतं. एवढ्या वर्षांत त्या एकमेकींशी जे काही बोलल्या होत्या ते वाऱ्यावर मात करून बोलल्या होत्या, आणि आता वारा नव्हता तरी घसा त्याच उंचीवर होता.

"मुलं किती झाली थोरल्याला?"

"दोन! आणि तुझ्या पोलोला दमा कधीपासून?"

"दमा नाही, आळस आहे!"

गल्लीतल्या खिडक्या उघड्या होत्या. कुणीतरी बाहेरून उत्तरं देत होतं.

चारोनं ताटं वाढली. एक चणा दातांखाली घेतला. "हे काय? तुमचा खडक फोडून आणलास?"

"पोलोला विचार."

"मी फक्त..." पोलो.

"गप्प!" दोघी एकदम.

तरी सगळे खात होते. फ्रास्को एकेक चणा गालात फिरवत, मुकाट्यानं. रस्सा चांगला होता. कॉड चांगला होता. पालकाची पानं जिभेवर विरघळत होती आणि मग मधेच तो टणक, बंद, गोल नकार. एर्नेस्तिनानं मात्र वाढून घेतलं नव्हतं. ती पातेल्याकडे बघत होती. मला कळलं की ती आता विचारणार. ती थोडी पुढं वाकली. हळू विचारायचं असावं तिला. पण आवाज निघाला तो जाळीवरचाच.

"आईनं पातेलं मागितलं होतं का?"

बाहेरून उत्तरं देणारं कुणी उरलं नाही.

"कधी?" चारो ओरडली.

"कधी म्हणजे! शेवटी! मरताना! पातेल्याबद्दल काही म्हणाली का?"

चारोनं चमचा खाली ठेवला. तोंड पुसलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुःख नव्हतं. सरळ सरळ वैताग होता.

"कसलं पातेलं मागणार? तिनं त्याच आठवड्यात नवं घेतलं! अल्युमिनियमचं! ते बघ!" तिनं भिंतीकडे हात केला. खिळ्याला एक पोचे गेलेलं पांढरं पातेलं लटकत होतं, तळ काळाकुट्ट, वापरून वापरून. "म्हणाली, बरं झालं ते लाल गेलं, फार जड होतं, माझं मनगट दुखायचं! पुन्हा नाव नाही काढलं कधी!"

एर्नेस्तिना त्या अल्युमिनियमच्या पातेल्याकडे बघत राहिली. मग टेबलावरच्या लाल पातेल्याकडे. दर रविवारी घासून घासून त्याचा रंग तिनंच उडवला होता.

"मग तू," ती म्हणाली. "मग तू तेरा वर्षं कशाला बोंबलत होतीस? पातेलं कुठाय, पातेलं कुठाय! मासळीबाजारात लोक मला चोर म्हणायचे!"

"मग काय बोंबलायचं होतं?" चारोनं टेबलावर हात आपटला. चमचे उडाले. "एवढ्या माणसांत? त्या वाऱ्यात? मी तुला दुसरं काय विचारायचं होतं?"

फ्रास्को छताकडे बघत होता. पोलोनं पावाचा तुकडा तोडला आणि तो कशात बुडवावा हे त्याला कळेना.

मग एर्नेस्तिनानं आपलं रिकामं ताट पुढं सरकवलं आणि काहीतरी म्हणाली. इतक्या हळू की मी तिच्या शेजारी बसूनही ओठांवरून ओळखलं. चौकात राहून एवढ्या वर्षांत तिला इतक्या हळू बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"काय?" चारो ओरडली.

"वाढ म्हटलं!" एर्नेस्तिना ओरडली. "बहिरी झालीस का?"